हृदय उत्तम असल्याचे कळविण्याबाबत

सुभानपुरा, बडोदे
रविवार, ता. ९ मार्च १९९७

तीर्थस्वरूप अहल्याताईस,

मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. (कमरेच्या तक्रारीमुळे तूर्त तो कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष भेटीत जेवढं वाकता येईल तेवढं वाकेन.) ती. भास्कररावांना माझा आणि शैलाचा नमस्कार सांग. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे तुझ्या कार्डावरून कळलं. कार्डात एकूण चार ओळी होत्या. त्यांतल्या दोन मोतीबिंदूवर, एक सांगलीच्या थंडीवर आणि एक तुझी सही. तरी ते मी दोनदा वाचलं. इथे आता उन्हं तापायला लागली आहेत, विजेच्या तारांवर उत्तरायणाचे फाटके पतंग अजून लोंबताहेत, आणि शैलाच्या डोक्यात पापडांचे बेत सुरू झाले आहेत. म्हणजे एकूण घरात सगळं ठीक आहे.

आता मुख्य गोष्ट. मला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे काय झालं ते सावकाश सांगता येईल.

माझं काम नेमकं काय आहे हे तुमच्याकडे कुणाला कधी नीट कळलेलं नाही (भास्कररावांची अजून समजूत आहे की मी पेट्रोल मोजतो), म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कोयलीच्या रिफायनरीत जी नवी माणसं लागतात त्यांना, आग लागली किंवा गॅस सुटला तर काय करायचं, हे मी शिकवतो. बावीस वर्षं शिकवतो आहे. पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य तीन भाषांत लिहितो: घाबरायचं नाही, गभराशो नहीं, घबराना नहीं. मग त्यावर वीस मिनिटं बोलतो. घाबरणं ही एक वाईट सवय आहे आणि मनाचा निश्चय असला की ती सुटते, असं मी आजवर काही हजार माणसांना सांगितलं असेल. त्यांतल्या कुणीही उलट प्रश्न विचारला नाही, त्यामुळे मलाही ते खरं वाटत आलं होतं.

जानेवारीत, उत्तरायण होऊन दोनच दिवस झाले होते, नवी तुकडी आली. पंचेचाळीस जण. त्यांना श्वासाचा मास्क कसा घालायचा ते दाखवत होतो. पाठीवर हवेचं नळकांडं असतं, त्याची नळी तोंडावरच्या रबरी मास्कला जोडलेली, आणि पट्टे आवळले की बाहेरची हवा आत येत नाही. हे मी डोळे मिटून करू शकतो. मास्क घालायचा, वर्गातून एक फेरी मारायची, काढायचा, आणि 'पाहिलंत, काही होत नाही' असं म्हणायचं. त्या दिवशी मास्क घातला, पट्टे आवळले, आणि कानात माझाच श्वास ऐकू यायला लागला. तो नेहमीच येतो. पण त्या दिवशी तो मला माझा वाटेना. कुणीतरी दुसरंच माझ्या आत बसून घाईघाईने हवा संपवतं आहे असं वाटायला लागलं. मग छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि ती आपोआप वाकडी वळली, वर्ग लांब गेल्यासारखा दिसायला लागला, आणि मला अगदी स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारखं कळलं की मी आत्ता, या क्षणी मरतो आहे. ताई, तुला खोटं सांगत नाही, त्या वेळी मनात देवाचं नाव आलं नाही, शैला आली नाही, तूही आली नाहीस. आलं ते एवढंच, की सुरक्षिततेच्या तासाला मरणं फार वाईट दिसेल.

मी मास्क ओढून काढला, कॉलरचं बटण तोडलं आणि टेबलाच्या पायाला धरून खाली बसलो. आणि पंचेचाळीस जणांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. पुढच्या बाकावरच्या एकाने तर हात वर करून विचारलं, "सर, मास्क निकालने के बाद बैठना है या लेटना है?"

हा प्रकार शिकवण्याचा भाग नाही, हे एकट्या पिलाजीरावांनी ओळखलं. पिलाजीराव मोहिते म्हणजे आमच्या अग्निशमन दलाचे जमादार. माणूस दाराच्या चौकटीएवढा, मिशा वेगळ्या. अशा तासांना नळकांडी सांभाळायला ते माझ्या शेजारी उभे असतात. त्यांनी शिट्टी मारली, आणि मग माझ्यावर, मी स्वतः सत्त्याऐंशी साली लिहिलेल्या पुस्तिकेतलं कलम सात लागू झालं. दोन मिनिटांत स्ट्रेचर आलं (पुस्तिकेत तीन दिली आहेत). मला त्यावर घातलं आणि पट्टे बांधायला घेतले, ते चुकीचे. छातीचा पट्टा हाताच्या वरून घेतला होता. मी मरत होतो हे खरं, पण बावीस वर्षांची सवय. मी एक बोट उचललं. पिलाजीरावांना वाटलं शेवटची इच्छा असेल, त्यांनी कान माझ्या तोंडाशी आणला. मी म्हणालो, "पट्टा... खालून." ते उठले आणि बाकीच्यांना गंभीरपणे म्हणाले, "साहेब पट्टा खालून घ्या म्हणताहेत." मग सगळे थांबले, पट्टे सोडले आणि पहिल्यापासून परत बांधले. त्यात पुन्हा चार मिनिटं गेली.

दवाखान्यात छातीचा आलेख काढला. एका तरुण डॉक्टरने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काका, हार्ट तो फर्स्ट क्लास छे." मी म्हटलं, परत बघा. त्याने परत काढला, परत फर्स्ट क्लास. तुला सांगतो, अशा वेळी माणसाला आनंद व्हायला हवा. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढा मोठा मरणाचा सोहळा झाल्यावर, 'काही नाही, घरी जा' हे ऐकून घ्यायला मोठं मन लागतं. त्यात तोपर्यंत छाती शांत झाली होती, बोटं सरळ झाली होती आणि मला चहा हवासा वाटत होता. तेवढ्यात शैला रिक्षाने पोचली, हातात चार दिवसांच्या मुक्कामाची पिशवी, त्यात चादर, तांब्या आणि माझी कानटोपी. मी खाटेच्या कडेला बसून चहात बिस्कीट बुडवत होतो. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातातला कप घेऊन उरलेला चहा स्वतः प्याली.

सोसायटीत बातमी आमच्या आधी पोचली होती. शेजारच्या हंसाबेननी "नजर लागी छे" म्हणत माझ्यावरून मिरच्या ओवाळल्या आणि त्या जाळल्यावर मला जो ठसका लागला तो नजर निघाल्याची खूण म्हणून सगळ्यांना दाखवला. बाकीच्यांचं मत गॅस असं पडलं. मी गॅस स्वीकारला. गॅस हा अब्रूदार आजार आहे. शिवाय मी रिफायनरीत कामाला, त्यामुळे कुणालाच फार खोलात जावंसं वाटलं नाही.

हे एकदाच झालं असतं तर तुला कळवलंही नसतं. पण पुढच्या पंधरवड्यात, एका रविवारी सकाळी, जुन्या बडोद्यातल्या वाडी भागात नेहमीच्या न्हाव्याकडे खुर्चीत बसलो होतो. (आम्ही सुभानपुऱ्यात राहायला येऊन सतरा वर्षं झाली तरी केस कापायला मी वाडीतच जातो, डोक्याच्या बाबतीत मी नवा माणूस पत्करत नाही.) गळ्याला कापड गुंडाळलेलं, एक बाजू कापून झालेली, आणि पुन्हा तेच. तीच धडधड, त्याच मुंग्या. मी उठलो आणि गळ्यातल्या कापडासकट गल्लीत आलो. भिंतीला टेकून श्वास घेत उभा होतो तर तो बिचारा हातात कंगवा घेऊन मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "काका, एक बाजू बाकी छे." मी त्याला कापड दिलं आणि तसाच घरी आलो. दोन दिवस कानटोपी घालून कामावर गेलो. तिसऱ्या दिवशी शैलाने स्वयंपाकघरातल्या कात्रीने दुसरी बाजू उरकली. आता ती बाजू इतिहासजमा झाली आहे, काळजी नको.

पण खरी पंचाईत पुढेच. अटॅक दहा मिनिटांचा, पण तो परत येईल का या काळजीला सगळा दिवस पुरेना. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीजवळून दाराजवळ आलो, आणि मग बस सोडून स्कूटरवर. स्कूटरचा रस्ता असा शोधला की वाटेत दोन दवाखाने लागतील. नाटकाला गेलो तर शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची. देवळात गेलो तर चपलांच्या जवळ (तिथल्या पुजाऱ्याला वाटलं मी चपला राखतो). आणि मास्कचा तास मी तीनदा पुढे ढकलला. मास्क दुरुस्तीला पाठवले आहेत असं लेखी दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटं कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. तोपर्यंत आपल्याला भीती वाटते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शैलालाही नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? फळ्यावरचं वाक्य माझंच.

एक दिवस कँटीनमध्ये पिलाजीराव ताट घेऊन समोर येऊन बसले. डाळ कालवता कालवता म्हणाले, "साहेब, मास्क दुरुस्तीला गेलेले नाहीत. मीच पुसून कपाटात ठेवलेत."

मी भाताचं आळं करायला घेतलं.

"मला पण होतं," ते म्हणाले.

"काय होतं?"

"तुम्हाला झालं ते. सहा वर्षं झाली. मेहुणीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना. टाकी पेटलेली असताना मी शिडीवर उभा राहिलोय साहेब, कधी काही नाही. आणि हातात अक्षता घेऊन मांडवातून पळालो. लोकांना वाटलं मला लग्न मान्य नाही. मेहुणीचे सासरे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत."

"मग?"

"मग बाई आहेत एक डॉक्टर. अलकापुरीत."

मी आवाज खाली आणून विचारलं, "वेड्यांच्या?"

"नाही," पिलाजीराव म्हणाले, "घाबरणाऱ्यांच्या. मी येतो बरोबर. शनिवारी मला सुट्टी आहे."

ताई, त्या क्षणी मला जे वाटलं ते इथे लिहायला जमत नाही. एवढंच लिहितो की त्या दिवशी मी भात दुसऱ्यांदा घेतला.

रात्री शैलालाही सगळं सांगितलं, आणि शनिवारी आम्ही तिघं निघालो. डॉ. पद्माबेन अमीन यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पहिल्यावर दातांचा डॉक्टर. ही सोय फार मोलाची. मी जिन्यात शिरल्यापासून गाल धरून चढलो. पहिला मजला ओलांडल्यावर गाल सोडला. वर बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र अगदी नाकाला लावून बसले होते. मीही दुसरं पत्र उचलून तसाच बसलो. दहा मिनिटांनी दोघांनीही एकदमच पान उलटलं, तर समोर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव. ते म्हणाले, पाण्याच्या पाइपाचं बघायला आलो होतो. मी म्हटलं, माझी दाढ. शैला आणि पिलाजीराव दोघंही खिडकीबाहेर बघत होते. तेव्हापासून जयवंतराव भेटले की दाढेची चौकशी करतात आणि मी पाइपाची. आम्ही इतक्या आपुलकीने पूर्वी कधी बोलत नव्हतो.

पद्माबेन साठीच्या, सुती साडी, आवाज आपल्या शाळेतल्या बाईंसारखा. मोडकं मराठी बोलतात आणि अडलं की गुजरातीत शिरतात. माझी सगळी हकीकत ऐकून त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षात घरी काय काय झालं?"

मी म्हटलं, विशेष काही नाही.

शैला म्हणाली, "जूनमध्ये सासूबाई गेल्या. ऑगस्टमध्ये मुलगी शिकायला नागपूरला गेली. दिवाळीच्या आधी ह्यांनी आईंची खोली दोन दिवसांत रिकामी केली, त्यांचं लुगडंसुद्धा ठेवलं नाही."

मी म्हटलं, तेवढं सोडलं तर काही नाही.

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग विचारलं, आई गेल्यावर तुम्ही रडलात कधी? मी म्हटलं, वेळ नव्हता, मला सगळं बघायचं होतं. काय बघायचं होतं, त्या म्हणाल्या. तेव्हा मला तो तक्ता सांगावा लागला. तुला आठवत असेलच. तेरा दिवसांचा तक्ता करून मी पुढच्या खोलीत लावला होता. कोण कुणाला स्टेशनवरून आणणार, पाणी कोण भरणार, भेटीला येणाऱ्यांची वेळ दुपारी चार ते सहा. तू त्याच्यासमोर उभी राहून तो वरपासून खालपर्यंत वाचलास आणि म्हणालीस, "मुकुंदा, यात माझं रडणं कुठे बसवलं आहेस?" आणि मी तक्त्यावरून बोट फिरवून तुला सांगितलं की शनिवारी दुपार मोकळी आहे.

हे मी पद्माबेनना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, शैलाने रुमाल दिला, आणि दोनएक मिनिटांनी आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

पुढचा विषय असा, की शरीरात एक भोंगा असतो आणि तो कधी कधी आग नसतानाही वाजतो. त्यांनी विचारलं, तुमच्या कारखान्यात असा खोटा भोंगा वाजला तर काय करता? मी म्हटलं, भोंगा उपटून टाकत नाही. जाऊन बघतो, आग नाही याची खात्री करतो आणि वाजून संपू देतो. "बस, एटलुं ज," त्या म्हणाल्या, एवढंच करायचं. पळायचं नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं, सावकाश सहा आकडे मोजत. हवा कमी पडते असं वाटतं तेव्हा खरं तर आपण जास्तच ओढत असतो. एक छोटी गोळी काही आठवडे, आणि ज्या ज्या जागा सोडल्या तिथे एक एक करून परत जायचं. मला या दुखण्याचं नाव कळलं (पॅनिक अटॅक), कारण कळलं, आणि याने माणूस मरत नाही हे कळलं. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर गाल धरायचा राहूनच गेला.

बसमध्ये परत गेलो. न्हाव्याकडे गेलो (त्याने शैलाचं काम पाहून फक्त सुस्कारा सोडला). आणि गेल्या बुधवारी मास्कचा तास घेतला. पिलाजीराव शेजारी होते. मास्क घातला, आणि ते आलंच. मी उभा राहिलो. सहा मोजले, परत सहा मोजले. पिलाजीराव माझ्याकडे न बघता मिशीत माझ्याबरोबर मोजत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग जसं आलं तसं ते उतरलं, मी फेरी पूर्ण केली आणि मास्क काढला. 'पाहिलंत, काही होत नाही' हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "आत्ता मला फार भीती वाटली होती. आता कमी आहे." फळ्यावरचं वाक्य पुसलं आणि घाबरल्यावर काय करायचं ते लिहिलं. एकाने विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का. मी म्हटलं, आहे. तास संपल्यावर तिघं जण मागे थांबले. त्यांना आगीबद्दल काही विचारायचं नव्हतं.

तर असं आहे. आता मी अगदी ठणठणीत आहे, हृदय फर्स्ट क्लास असल्याचा कागद घरात आहे, तो लागल्यास पाठवतो. तब्येतीला जप. भास्कररावांना डोळ्यांत औषध वेळेवर घालायला सांग.

तुझा
मुकुंद

ता. क. पद्माबेननी एक कार्ड भरून घेतलं. त्यात शेवटी एक ओळ होती: 'असं झालं तर ज्याला फोन करता येईल असा घराबाहेरचा एक माणूस.' पिलाजीरावांचं नाव लिहायला हरकत नव्हती, पण त्यांच्याकडे फोन नाही. मी तुझं नाव आणि सांगलीचा नंबर लिहिला. तुला विचारलं नाही, तेव्हा आता विचारतो. शहाणपणाचं काही सांगावं लागणार नाही. काहीही बोलत राहायचं, लोणच्याबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, दहा मिनिटं. आई असती तर तिला केला असता.

ता. क. दुसरी. तक्त्याबद्दल वर जे लिहायचं होतं ते चारदा लिहून खोडलं. एवढंच राहिलं: चुकलो, ताई.

ता. क. तिसरी (हे अक्षर माझं, शैलाचं). सौ. वन्संना नमस्कार. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून उघडून लिहिते आहे. डोळ्यांत काही गेलं नव्हतं. पाऊण तास रडत होते. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आतल्या खोलीत बसवून चहा पाजला. ठणठणीत वगैरे नाहीत, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे आहेत, आणि मुख्य म्हणजे आता सांगतात. गेल्या दोन रविवारी तुमच्याकडे जे मुके फोन आले ते आमच्याच घरचे. नंबर फिरवतात, तुमचा 'हॅलो' ऐकतात आणि ठेवून देतात. त्यांच्याने पुढे होणार नाही. तुम्हीच करा, पुढच्या रविवारी सकाळी नऊला. मी तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत असेन. ते मला खालून हाका मारतील, पण मला काही ऐकू येणार नाही.